पिवळे आठ

कागद आला तेव्हा मी विड्या वळत होते.
हत्तुरे म्हणाले, वाचा वहिनी,
तुम्ही सातवीपर्यंत तरी गेलात.
निळे बावीस. काळे सहा. हिरवे चोवीस. पिवळे...
नुसते रंग आणि आकडे, हातानं लिहिलेले,
वाण्याच्या यादीसारखे,
खाली एका बाईची सही, इशबेल मॅकाल्डी,
आणि गावाचं नाव, जे आम्हा तिघांनाही उच्चारता येईना.

स्कॉटलंड, हत्तुरे म्हणाले.
तिथं कुळाकुळाची आपली चौकट असते,
कापड बघून सांगतात माणूस कुणाचा.
"म्हणजे आपलं इंटिपेरू," आमचे हे म्हणाले,
"आपण तोंडानं सांगतो, ते विणतात."

मग फोनवर लग्न दाखवलं कुणाचं तरी:
पुरुषांना गुडघ्यापर्यंत चुण्यांचं नेसू,
कमरेला पुढं केसाळ बटवा, मोज्यात खोचलेली सुरी,
एकजण काखेत फुगलेलं कातडं दाबून
त्यातून रडणं काढत होता की हसणं, कळेना.
दाजी पेठेतली निम्मी गल्ली वाकून बघत होती.
नेसण्याला कुणी हसलं नाही,
बघणारे सगळे लुंगीवरच होते.

पूर्वी म्हणे एकच लांब कापड असायचं,
दिवसा अंगावर, रात्री अंगाखाली, पावसात डोक्यावर.
"घोंगडं की," हे म्हणाले. "सांगोल्याकडं चला, दाखवतो."
लढाई हरले, तेव्हा सरकारनं त्यावर बंदी घातली.
नेसला तर तुरुंग.
यावर आमचे मामंजी,
जे दिवसातून चार वाक्यं बोलतात,
खाटेवरून म्हणाले, "टोपी."
एवढंच.
मार्शल लॉच्या दिवसांत त्यांच्या वडिलांनी
पांढरी टोपी कांड्यांच्या टोपलीत लपवली होती.
घरात ते पुन्हा कुणाला सांगावं लागत नाही.

मी वाचत गेले, हे ताणा लावत गेले.
नक्षी एका धाग्यापाशी थांबते आणि उलटी फिरते,
गेली त्याच वाटेनं घरी येते.
यांनी माग बंद करून बघितलं ते.
"लांब लांब गेले असतील ते लोक," म्हणाले,
"म्हणून कापडात परतीची वाट ठेवली."
यांचे आजोबा करीमनगरकडून आले, पायी,
आमच्या कुठल्याच चादरीत ती वाट नाही.
मोर आहेत, फुलं आहेत.

साठ शाली झाल्या.
हत्तुऱ्यांनी एक उलगडली, कागदाशी धरली, बोटानं मोजलं.
"ही मॅकाल्डींची नाही हो."
"मग कुणाची?"
पोरानं तासभर फोनवर शोधलं.
शेकडो कुळं निघाली, डोंगरातली, बेटांवरची,
अशी पिवळी रेघ कुणाचीच नव्हती.
सूत आमचं, मजुरी आमची, दोष आमचा.
त्या रात्री हे जेवले नाहीत.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला
तेव्हा यांनी त्यातली एक खांद्यावर टाकली.
ऑगस्टच्या उकाड्यात. लोकरीची.
अशोक चौकात कुणीतरी विचारलं, हे काय नवीन?
"आमची चौकट," हे म्हणाले. "बोद्दुलांची."
आणि घाम पुसत चालू लागले रथापुढं.

इंग्रजी आठ आणि मराठी चार
एकाच सांगाड्याचे असतात.
इशबेलबाईनं आठ लिहिलं होतं.
मी चार वाचलं.
मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं,
माग तेव्हा चालू होता.
अजून सांगितलेलं नाही.

उरलेल्या मंगळवार बाजारात गेल्या, पडेल त्या भावात.
आता थंडीत कधी एसटी स्टँडवर,
कधी सिव्हिलच्या दारात, नातेवाइकाची वाट बघणाऱ्या
कुणा अनोळखी बाईच्या अंगावर
ती बारीक पिवळी रेघ दिसते.
मी गर्दीतून वाट काढत जवळ जाते,
आणि काय बोलावं ते सुचत नाही.
आपल्यातलीच की ही.